डोळ्यांच्या उंचीची रेष

कारागृहातून,
६ जानेवारी २०२४

ती. दयानंददादांस,
जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावर माझं नाव बघून तुमी हे चुलीत घालाल, मला म्हाईत हाय. घालायच्या आदी एकदा वाचा.

माफी मागाया लिवत न्हाई. खोऱ्यानं चुलत भावाचा डोळा फोडला, त्याची माफी कागदावर कशी मागायची ते मला येत न्हाई. कोर्टात साहेबांनी काय सांगायचंय का म्हणून इचारलं, तवा बी मी गप व्हतो. सजा झाली, ती भोगतोय.

काम येगळं हाय. हितं सुतारकामाचा कारखाना हाय. तितल्या मास्तरांनी सांगितलं, ज्याला वस्तू बघून कागदावर नीट काढता येती त्यालाच घेणार. मी स्टूल काढलं तर त्याचे चारी पाय चार दिशेला पळाले. मास्तर हसले, बाकीचे बी हसले. मला त्या कारखान्यात जायाचंच हाय दादा. का, ते इचारू नका.

आठवीत तुमी आमाला चित्रकला शिकवायचा. मी मागं बसून करकटकानं बाक कोरायचो. आता शिकवा. फोनवर निस्तं बायकोशी बोलाया मिळतं, तेबी घाईत, म्हणून पत्रातनंच शिकवा. तुमच्याबिगर ही इद्या असलेला दुसरा माणूस मला ठावा न्हाई.

तुमचा,
जयसिंग


माले, ता. मुळशी
३० जानेवारी २०२४

जयसिंग,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. चूल बाहेर आहे, आणि ओसरीच्या पायरीवरून उतरताना मला अजून पाय चाचपावा लागतो. पायरी किती खोल आहे ते एका डोळ्याला कळत नाही. चहा ओततो तो कपाच्या बाहेर पडतो. तुझ्या नलिनीवहिनीला आता सवय झाली आहे. फडकं घेऊन येते आणि पुसते. हे रोज सकाळी होतं. शाळा मी मुदतीआधी सोडली. फळ्यावर खडू टेकवायला जायचो आणि हात हवेतच थांबायचा. मुलं हसायची नाहीत, ते जास्त लागायचं.

बंगलेवाल्यांना आपल्या सामाईक जमिनीतून रस्ता द्यायला मी कबूल झालो आणि तू झाला नाहीस. एवढ्यासाठी.

तू कशासाठी शिकतोयस ते मी विचारणार नाही. तुझं भलं व्हावं असंही मला वाटत नाही. पण चित्रकला शिकवा म्हणून आलेल्या कुणाला मी आजवर परत पाठवलेलं नाही, आणि तुझ्यामुळे ती सवय मोडावी एवढी तुझी किंमत नाही.

पहिला धडा. वस्तू काढायची नाही. स्टूल विसर. कागदावर दोन ठिपके दे, एक डावीकडे, एक उजवीकडे. पट्टी न घेता ते एका रेषेनं जोड. मग त्याच्या खाली आणखी दोन. असं पान भरायचं. दुसऱ्या पानावर उभ्या रेषा, तिसऱ्यावर तिरक्या. चुकली तर पुसायची नाही, तिच्या शेजारी दुसरी काढायची. पूर्ण गठ्ठा पाठव.

मुलांना मी सांगायचो, पेन्सिल हात ताणून समोर धरा, एक डोळा मिटा आणि वस्तूचं माप घ्या. मला आता मिटावा लागत नाही.

दयानंद


कारागृहातून,
२२ फेब्रुवारी २०२४

ती. दादांस,
सा. नमस्कार.

रेषांची पानं सोबत पाठवली हायेत. जुन्या छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजू हायेत, चालवून घ्या. पट्टी हितं कुणालाच देत न्हाईत, आन पेन्सिलीला टोक करायला पातं बी न्हाई. फरशीवर घासून टोक काढतो.

आडव्या रेषा उजवीकडं जाऊन खाली लोंबत्यात. किती बी संभाळलं तरी लोंबत्यात. उभ्या बऱ्या. तिरक्यांत कागद दोन ठिकाणी फाटला, त्याला माझा इलाज न्हाई. मधल्या चार-पाच पानांवर डाग हायेत ते बगू नका. न्हाणीत पाय घसरून पडलो व्हतो, बोट सुजलंय, त्यातनं थोडं रगत येतं.

एक सांगू का. पानं भरताना डोस्क्यात काय बी येत न्हाई. पयल्यांदाच आसं झालं.

तुमचा,
जयसिंग


माले,
१५ मार्च २०२४

जयसिंग,

तू रेष ओढत नाहीस, मारतोस. पेन्सिल कागदावर टेकली की तू जोर लावतोस आणि शेवटाला पोचायच्या आधीच दमतोस. म्हणून ती लोंबते. पानं उलटी करून बोट फिरवलं तर प्रत्येक रेषेचा वळ लागतो. तुझ्या हाताला दुसरं काही ठाऊकच नाही.

मनगट हलवू नकोस. हात खांद्यातून फिरव, कोपर मोकळं सोड. टेकवण्याआधी तीच रेष दोन-तीनदा हवेत काढून बघ. आणि पेन्सिलीच्या टोकाकडे बघू नकोस; जिथं पोचायचं त्या ठिपक्याकडे बघ. हात आपोआप जातो.

रेषा जमल्या की चौकोनी खोकी काढायला घे. समोरून दिसणारं खोकं आधी, मग कोपऱ्यावरून दिसणारं.

न्हाणीत घसरलेल्या माणसाचं बोट सुजतं, नखं निघत नाहीत. शेवटच्या पानावर अर्धं नख चिकटून आलं आहे. शिकायचं असेल तर माझ्याशी खोटं बोलू नकोस.

दयानंद


कारागृहातून,
१० एप्रिल २०२४

ती. दादांस,
सा. नमस्कार.

खरं इचारलंत, खरं लिवतो. हे पत्र साहेब वाचून मगच पाठवत्यात, वाचूद्यात.

आमच्या बराकीत मनीष म्हणून एक हाय. खुनात आलेला. त्याच्या मागं सात-आठ पोरं असत्यात. नव्या माणसानं त्याचे कपडे धुवायचे, पाय चेपायचे. मी न्हाई म्हणालो. तुमी वळखता मला, माझी मान कुणापुढं वाकत न्हाई, त्यातच तर सगळं गेलं. पयल्या टायमाला त्यांनी माझ्या तोंडात फडकं कोंबलं आन बादलीच्या कडीनं मारलं. दोन दात गेले. त्या टायमाला मी बी एकाचा कान चावून काढला. फेब्रुवारीत त्यांनी माझा हात लोखंडी दाराच्या फटीत धरला आन दार लावलं. एकदा न्हाई. मनीष बाजूला बसून शेंगदाणे खात व्हता. म्हणाला, "चित्रकार झालाय का? काढ आता."

कारखान्यातल्या लोकांची बराक येगळी हाय. म्हणून जायाचंय. मास्तर म्हणत्यात पावसाळ्यात जागा रिकामी हुईल. तवर जगलो पायजे, आन तवर शिकलो बी पायजे.

खोकी काढली हायेत. खांद्यातनं हात फिरवला तर सुजलेल्या बोटाला तरास होत न्हाई, हे लई भारी सांगितलंत. पन खोक्याची मागची बाजू म्होरल्यापेक्षा मोठी दिसाया लागती. का ते कळंना.

तुमचा,
जयसिंग


माले,
४ मे २०२४

जयसिंग,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा चवीनं. दार लावलं तो भाग तर पुन्हा वाचला. हे लिहायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. नलिनीला वाचून दाखवू लागलो तर ती उठून गेली. तुझं नाव ती त्या दिवसापासून घेत नाही.

आता खोक्याचं. लांबची गोष्ट लहान दिसते, हे तुला डोळ्यांनी माहीत आहे पण हाताला माहीत नाही. हात म्हणतो, खोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या, तर सारख्याच काढ. हाताचं ऐकू नकोस. तुझ्या बराकीचा लांब बोळ असेल. त्याच्या टोकाला उभा राहा. जमीन वर चढत जाते, छत खाली उतरत येतं, भिंती आत सरकतात, आणि सगळं एका ठिपक्याकडे धावतं. तो ठिपका नेमका तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. तू बसलास तर तो खाली येईल, उभा राहिलास तर वर जाईल. म्हणून चित्र सुरू करताना आधी डोळ्यांच्या उंचीची आडवी रेष काढायची. माणूस कुठून बघतोय ते ठरल्याशिवाय काहीच काढता येत नाही.

आणखी एक. सपाट जमिनीवर तुझ्याच उंचीची माणसं उभी असली तर जवळच्याचं डोकं आणि लांबच्याचं डोकं, दोन्ही त्याच रेषेवर येतात. लांबच्याचे पाय तेवढे वर सरकतात.

बोळ काढून झाला की मला एक चित्र हवं आहे. आपलं शेत. ज्या जागी तू खोरं घेऊन उभा होतास तिथून, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरून. बांध, विहीर, रस्ता आणि मी.

डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की तो क्षण मला कधीच आठवणार नाही. मला सकाळची न्याहारी आठवते आणि मग एकदम पुण्याच्या दवाखान्यातलं छत. मधलं कुणीतरी कापून नेलंय. ते पाहिलेला माणूस तू एकटाच आहेस. मला ते बघायचंय.

दयानंद


कारागृहातून,
१९ जून २०२४

ती. दादांस,
सा. नमस्कार.

हे चित्र काढूच ने आसं वाटत व्हतं. खोटं न्हाई लिवत. तरी काढलं. पयली तीन फाडली. चौथं पाठवतोय.

डोळ्यांच्या उंचीची रेष पयल्यांदा काढली. बांध डाव्या अंगाला, त्याच्या कडा त्या रेषेकडं नेल्या. विहीर उजवीकडं, तिचं तोंड गोल न्हाई, चपटं आलं, कारण मी उभा व्हतो आन वरनं बगत व्हतो. ते बराबर हाय का सांगा.

तुमी रेषेच्या खाली हाय, कारण तुमी वाकला व्हता. मोजणीचा खुंट उपटलेला, तो तुमी परत ठोकाया बसला व्हता. खुंट मीच उपटला व्हता. मी म्हणालो, "दादा, त्या खुंटाला हात लावू नका." तुमी वर न बघताच म्हणालात, "जया, लहानपणापासनं तू असाच." आन हसलात. त्या हसण्यानं माझं डोस्कं गेलं. दुसरं काय बी न्हाई. खोरं उचललं तवा मला पाठीवर घालायचं व्हतं. तुमी त्याच येळेला मान वळवली.

मंग तुमी उठाया बगत व्हता. डाव्या हातानं चेहरा धरला व्हता आन बोटांच्या मधनं सगळं येत व्हतं. तुमी मलाच म्हणालात, "जया, मला धर रे." मी धरलं न्हाई. पळालो. ते मी काढलेलं न्हाई, मला माणसाचा चेहरा येत न्हाई अजून.

एक इचारायचं ऱ्हायलं. रस्त्यावर जांभळीपाशी तुमचा वेदांत उभा व्हता. कालेजची पिशवी खांद्याला. तवा तो सतरा-अठराचा आसंल, माझ्याएवढाच उंच. मी त्याचं डोस्कं बराबर रेषेवर घेतलंय आन पाय वर सरकवलेत, तुमी सांगितलं तसं. पन तो लई बारका दिसतोय. चुकलं का?

तुमचा,
जयसिंग


माले,
१२ जुलै २०२४

जयसिंग,

चुकलेलं नाही. जांभूळ तितक्या लांब आहे. विहिरीचं तोंडही बरोबर आहे. जे पाहिलंस ते काढलंस. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं चित्र कुठल्या विद्यार्थ्यानं आणून दाखवलं नाही. दाखवू नये.

वेदांत तिथं होता हे मला माहीत नव्हतं. तो मला आणि नलिनीला आजवर सांगत आला की तो कॉलेजात होता, बातमी फोनवर कळली. मी चित्र त्याच्यापुढे ठेवलं नाही. नुसतं विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, "तुम्ही मला हाक मारली नाहीत पप्पा. त्याला मारलीत." आणि ताट तसंच ठेवून बाहेर गेला.

आता तो कासार आंबोलीच्या बंगल्यांच्या बागा सांभाळतो. चांगलं काम आहे, कोयता हातात असतोच. विहिरीजवळ आपली केळी आहेत ना, त्यातले जुने खुंट तो संध्याकाळी तोडत असतो. रोज. तोडायला खुंट उरले नाहीत तरी तोडतो. काल मी मागून जाऊन बघत राहिलो. मनगट हलवत नाही. खांद्यातून हात आणतो. एका घावात आरपार.

तुझ्या आईनं, गंगूबाई काकूंनी, अंथरूण धरलं आहे हे तुझ्या बायकोनं, रेश्मानं तुला फोनवर सांगितलं असेलच. तू रजेचा अर्ज केलास असं ती म्हणाली. माझं ऐक. रजा मिळाली तर माल्याला येऊ नकोस. रेश्माच्या माहेरी जा, काकूंना तिकडे न्यायची सोय मी करतो. गाडी मी करीन. इथं येऊ नकोस. यापेक्षा जास्त मी या पत्रात लिहू शकत नाही. ते उघडलं जातं.

दयानंद


कारागृहातून,
२५ ऑगस्ट २०२४

ती. दादांस,
सा. नमस्कार.

कारखान्यात घेतलं! मास्तरांनी पुढ्यात स्टूल ठेवलं, मी आदी डोळ्याची रेष काढली, तवाच ते म्हणाले, "ऊठ, झालं तुझं." बराक बदलली. मनीष दारातनं म्हणाला, जग लई छोटं हाय, परत भेटू. भेटू द्या.

तुमी गावात येऊ नको म्हणता ते मला समजलं. माझं तोंड तुमाला दिसू ने, हे मी गुमान मानलं आसतं. पन दादा, आई गाडीत घालून न्हेण्यासारखी ऱ्हायली न्हाई. रेश्मा म्हणती, ती निस्ती दाराकडं बगत आसती. आन तुमी मला एवढं शिकवलंत. इतक्या पत्रांत तुमी एकदा बी मला चिरंजीव म्हणाला न्हाईत, तरी शिकवलंत. मी येनार, लांबनं तुमच्या पाया पडनार, आईला बगनार आन निघून जानार. तुमाला तरास देनार न्हाई.

रजा मंजूर झाली. सप्टेंबरच्या मधी सुटतोय.

तुमचा,
जयसिंग


माले,
८ ऑक्टोबर २०२४

चि. जयसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

तू पुन्हा आत गेलास आणि तिथल्या दवाखान्यात आहेस असं रेश्मानं सांगितलं. तू शुद्धीवर नव्हतास तेव्हाचं काही तुला माहीत नाही. मला माझं माहीत नव्हतं, तसंच. म्हणून लिहितो.

मी सकाळपासून फाट्यावर बसलो होतो, तुला एसटीतून उतरल्या उतरल्या परत पाठवायला. तू कुणाच्या तरी जीपमधून आलास आणि शेतातून चालत निघालास. कळलं तसा धावत येऊन मी तुला विहिरीपाशी गाठलं. मी ओरडत होतो, "परत फिर, परत फिर," आणि तू हात जोडून हसत पुढं येत होतास. तुला वाटलं, मी रागावलोय. मग तू माझ्या पायांवर वाकलास.

केळीतून वेदांत आला. पळत नाही, चालत. तुझी पाठ त्याच्याकडे होती, माझं तोंड. मी त्याचं मनगट धरायला हात टाकला. नेमका टाकला, जयसिंग, सगळा जोर लावून टाकला. आणि मुठीत हवा आली. मनगट वीतभर पलीकडे होतं. दोन डोळे असते तर ते माझ्या हातात आलं असतं. तुझ्या खोऱ्यानं तुलाच वाचवू दिलं नाही.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड वाजलेलं ऐकलं मी. तू वळून उजवा हात वर केलास, दुसरा घाव त्या हातावर आला आणि बोटं गवतात पडली. तिसरा मानेवर येणार होता. मी तुझ्या अंगावर आडवा पडलो. वेदांतचा कोयता माझ्या डोक्यावर थांबला. तो धापा टाकत म्हणाला, "पप्पा, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"तुम्ही पडला होतात तेव्हा मी पळून गेलो. जांभळीपासून घरापर्यंत पळालो. आता नाही पळणार. व्हा बाजूला."

"डोळा माझा गेलाय. तुझं काय गेलं?"

तो खाली बसला आणि त्यानं कोयता गवतात टाकला. मी माझं उपरणं तुझ्या हाताला आवळत होतो. मान वर केली तर समोर तुझी पोर ज्ञानदा. काकूंच्या दारातून पळत आलेली, शाळेच्या गणवेशात. तिनं तो कोयता उचलला होता. दोन्ही हातांनी धरला होता आणि वेदांतकडे बघत होती. रडत नव्हती. तिच्या हातून तो काढून घेताना माझा तळवा कापला, इतका तिनं घट्ट धरला होता.

पौडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू हवालदाराला सांगितलंस की कडबाकुट्टीत हात गेला. मी दारात उभा होतो, सगळं ऐकलं. रेश्मानं मान डोलवली. नलिनीनं माझ्याकडे बघून डोळे मिटले, म्हणजे गप राहा. एकुलता एक मुलगा आहे. गप राहिलो असतो तर कुणीही बोललं नसतं.

मी गप राहिलो नाही. त्याच संध्याकाळी वेदांतला गाडी चालवायला पुढं बसवून चौकीत नेलं आणि सगळं सांगितलं. मला ज्ञानदाचे हात दिसत होते. आपण हे झाकलं असतं तर ती उद्या केळी तोडायला लागली असती.

काकूंनी तुला पाहिलं नाही. आवाज ऐकला फक्त. घटस्थापनेच्या आधीच गेल्या. मी पाणी दिलं. 

दयानंद


कारागृहातून,
१६ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
सा. नमस्कार.

अक्षर डाव्या हाताचं हाय. लागलं तर रेश्माकडनं वाचून घ्या.

तुमचं पत्र आलं तवा मला वाटलं, बाहेर यावं आन तुमाला परत एकदा मारावं. मी त्याला वाचवला व्हता! माझा हात, माझी कडबाकुट्टी, तुमाला काय करायचं व्हतं मधी पडून? लई दिवस जळत व्हतो. मंग ज्ञानदा भेटाया आली. काचेच्या पलीकडं बसली. म्हणाली, "पप्पा, मी काय बी करनार न्हाई. मोठ्या पप्पांनी माझ्याकडनं कबूल करून घेतलंय." तवा समजलं.

आईला पाणी दिलंत, त्याला मी काय लिवू.

आता वेदांतचं. तो हितंच हाय. कच्च्या कैद्यांची बराक येगळी, पन दवाखान्याच्या रांगेत समदे एकत्र येत्यात. मी पट्टी बदलाया गेलो व्हतो. तो म्होरं बसला व्हता, ताप व्हता, वाळून गेलाय. त्यानं मला बगितलं आन थुकला. मी दुसरीकडं बगितलं. तेवढ्यात मनीष माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला सगळं ठावं. गोड आवाजात म्हणाला, "तुझी बोटं घेणारं पोरगं हेच ना? त्याच्या बराकीत माझी माणसं हायेत. तू निस्ती मान हलव. एक डोळा काढून तुझ्या हातात देतो."

दादा, मी मान हलवली न्हाई. मी त्याच्या तोंडावर डोस्कं घातलं. त्याचं नाक मोडलं, मंग डाव्या कोपरानं त्याच्या जबड्यावर घातलं, तो पडला तरी घालत व्हतो. मला बाजूला काढाया चार शिपाई लागले. त्याच्या माणसांपुढं ओरडून सांगितलं, ह्या पोराला ज्यानं हात लावला त्याला मी मारून टाकीन, मला आता सुटायची घाई न्हाई. खरंच बोललो. 

सजेतल्या माफीचे दिवस गेले, रजा बंद झाली, कारखाना बी गेला. येगळ्या कोठडीत हाय. पन मनीषला दुसऱ्या जेलात पाठवलं, आन वेदांतला आता कुणी काय म्हणत न्हाई. तो माझ्याशी बोलला न्हाई. बोलंल आसं बी वाटत न्हाई. मी त्याच्यासाठी केलं न्हाई, तुमी मला धर म्हणाला व्हता तवा मी पळालो, ते डोस्क्यात व्हतं.

डाव्या हातानं परत ठिपक्यापासनं चालू केलंय. आडव्या रेषा आता डावीकडं लोंबत्यात. हसू नका.

तुमचा,
जयसिंग


माले,
५ जानेवारी २०२५

चि. जयसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मीच वाचलं, रेश्माला त्रास दिला नाही. अक्षर समजलं. नलिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी ती उठली नाही. भाकरी थापत बसली होती, थापतच राहिली. वेदांतला ताप होता तिथं फक्त तिचा हात थांबला.

पुढच्या आठवड्यात भेटीला येतोय. वेदांत मला भेटेल की नाही ठाऊक नाही, मागच्या दोन्ही वेळा तो बाहेर आला नाही. मी तरी बसून राहणार. त्याच्या वकिलाला सांगितलंय, खोटं काही बोलायचं नाही, पण त्यानं अठराव्या वर्षी काय पाहिलं ते न्यायाधीशांना कळलं पाहिजे. गरज पडली तर ते मीच उभा राहून सांगेन.

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर नलिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमी वेदांतपाशी बसा. मी जयाला भेटते."

तुझं नाव तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकलं. मी विचारलं, "काय बोलणार त्याच्याशी?"

"पयल्यांदा एक थोबाडीत मारनार हाय. मग बोलंन."

मी सांगितलं की मध्ये काच असते, हात पोचत नाही.

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बरं. मग निस्तं बगीन त्याच्याकडं."

तेव्हा तयार राहा.

तुझा,
दयानंददादा